डाव्या बाजूचा खिसा

सौंसरच्या बस स्टँडवर उतरून कोणालाही विचारा, गौतम टेलरचं दुकान दाखवतील. दाखवताना हेही सांगतील, की माणूस जिभेचा तिखट आहे, पण फिटिंग असं देतो की नागपूरच्या मॉलमधला शर्ट त्याच्यापुढे गोणपाट वाटावा. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. गौतम मेश्राम माप घेता घेता गिऱ्हाइकाशी भांडतो. त्याचं म्हणणं असं, की टेप छातीला लागली रे लागली की माणूस पोट आत ओढतो, छाती फुगवतो आणि श्वास धरून उभा राहतो, जसा काही फोटोच निघणार आहे. मग गौतम टेप सैल सोडतो, चष्म्यावरून बघतो आणि म्हणतो, "श्वास घ्या भाऊ. मले तुमचं माप पायजे, तुमच्या तोऱ्याचं नाई."

बोरगावचे केशवराव, चांगले संत्र्याच्या बागेचे मालक, पोटानं भरघोस. त्यांना तर हे वाक्य तो वर्षानुवर्षं ऐकवत आला. केशवराव हसायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा श्वास धरायचे.

श्वास घेतला की छाती वर येते, सोडला की खाली बसते, आणि तेवढी मोकळीक कपड्यात ठेवावी लागते. श्वासाबद्दल गौतमला माहीत होतं ते एवढंच. त्याहून जास्त कळायची वेळ कुठल्या बापावर येऊ नये.

त्याची एकुलती लेक प्रणाली. तिसरीत होती तेव्हा शाळेच्या प्रार्थनेत उभी असताना पहिल्यांदा पडली. हातपाय ताठ, डोळे वर, तोंडाला फेस. बाईंनी कांदा हुंगवला, शिपायानं चप्पल आणली. तिथून पुढे मिर्गी घरातच राहायला आली. पोरीनं विहिरीवर जायचं नाही, गॅसजवळ एकटीनं उभं राहायचं नाही, न्हाणीघराची कडी लावायची नाही. गोळ्या झाल्या, गोळ्या बदलल्या, एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. पोरगी दिवसभर पेंगायची आणि फिट यायची ती यायचीच.

लोकांनी मग आपापले बाबा सुचवले. कोणी रामाकोन्याकडचा सांगितला, कोणी घाटाखालचा. गौतमची मेव्हणी वैशाली पांढुर्ण्याला राहते. तिनं तर एकदा मंतरलेला दोरा घरपोच आणला. गौतमनं तो कात्रीनं कापून चिंध्यांच्या पोत्यात टाकला. "आमच्या घरात बाबासाहेबाचा फोटो हाये. त्याच्या खाली गंडे-दोरे नाई चालत," असं म्हणाला. वैशाली महिनाभर बोलली नाही.

शेवटी नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यानं मशीन बसवायचं सुचवलं. शिंप्याच्या खडूएवढी चपटी मशीन, डाव्या हासळीच्या हाडाखाली कातडीच्या आत. तिच्यातून बारीक तार गळ्यातल्या एका नसेपर्यंत. दर थोड्या मिनिटांनी मशीन त्या नसेला हलकासा करंट देणार आणि त्यानं फिट कमी होणार. जातीलच असं नाही, पण कमी होतील. गौतमला "कमी" हा शब्दसुद्धा पुष्कळ वाटला.

मशीन बसली. सोबत एक चुंबक मिळालं. फिट येतेय असं वाटलं की ते मशीनवरून एकदा फिरवायचं, म्हणजे जादा करंट जातो आणि फिट तिथल्या तिथे दबू शकते. चुंबक सतत जवळ असू द्या, असं तिथल्या माणसानं दोनदा बजावलं. तो आणखीही पुष्कळ बोलला. पण लेकीच्या गळ्याला टाके, बायको शोभाचे डोळे भरलेले आणि तिकडे सौंसरची गाडी सुटायला आलेली. अशा वेळी माणसाच्या डोक्यात मावतं तेवढंच गौतमच्या डोक्यात मावलं.

आणि खरंच, फिट कमी झाल्या. दर आठवड्याची फिट महिन्यावर गेली. पोरगी कॉलेजात एकटी जाऊ लागली. करंट आला की तिचा आवाज घटकाभर घोगरा व्हायचा, बोलता बोलता मधेच एखादा म्हातारा बोलल्यासारखा. मग ती स्वतःच हसायची. "थांबा बाबा, आता मशीन बोलून राहिली. तिचं झालं की मी बोलतो."

दुकानाच्या मागे पडदा आहे आणि पडद्यामागे एक खाट. कॉलेजातून आली की प्रणाली जेवून तिथेच आडवी व्हायची. रात्रभर झोपूनही तिला दुपारी झोप अनावर व्हायची, आणि घोरायची तरी किती. गौतम पडद्याकडे तोंड करून म्हणायचा, "अवो, जरा हळू. गिऱ्हाइकाले वाटते मी जुनी मशीन चालवून राहिलो."

एका दुपारी वीज गेली. गौतमची शिलाई थांबली, पंखा थांबला, आणि त्याच्या लक्षात आलं की पडद्यामागचं घोरणंही थांबलंय. त्यानं पडदा सारून पाहिलं. प्रणाली उताणी झोपली होती. छाती हलत नव्हती. ज्या माणसानं जन्मभर छात्या मोजल्या त्याला छाती हलतेय की नाही हे कोणी सांगायला नको. पोरीचे ओठ जरासे उघडे होते, आणि श्वास नव्हता. त्यानं हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती गुदमरल्यासारखी फुरफुरली, एक मोठा श्वास ओढला आणि पुन्हा घोरायला लागली. थोड्या वेळानं पुन्हा तसंच झालं. मग पुन्हा. दर थोड्या मिनिटांनी, मशीनची पाळी आली की, पोरीचा श्वास आखडायचा आणि मशीन गप्प झाली की सुटायचा.

संध्याकाळी त्यानं शोभाला सांगितलं. शोभा कणीक मळत होती. तिनं मान वर केली नाही.

"राती बी असंच होते जी," ती म्हणाली. "मी तिच्या बाजूलेच झोपतो ना. मले माहीत हाये."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगून तुमी काय केलं असतं?"

दुसऱ्या दिवशी त्यानं दवाखान्यात फोन केला. तिकडच्या माणसानं सांगितलं, तारखेला या, तेव्हा बघू. तारीख फार लांब होती. तोपर्यंत आईबाप आळीपाळीनं लेकीचा श्वास ऐकत राहिले. ऐकण्यापलीकडे हातात काहीच नव्हतं.

अशातच चुंबकाचा घोटाळा झाला. प्रणालीला ते मनगटावर बांधायला आवडत नसे. पर्समध्ये ठेवलं तर एटीएम कार्ड बिघडलं. म्हणून ती ते दुकानात बापाच्या टेबलावर टाकायची, आणि मग टाचण्या, सुया, हुक, जे जे लोखंडाचं ते सगळं धावत जाऊन चुंबकाला चिकटायचं. गौतम सुया सोडवत शिव्या घालायचा. एकदा चुंबक असं टेबलावरच राहिलं आणि प्रणाली मावशीकडे पांढुर्ण्याला निघाली. गाडीत फिट आली. फिरवायला चुंबक नाही. लोकांनी तिला रस्त्याच्या कडेला उतरवून ठेवलं.

त्या दिवशी गौतमनं गिऱ्हाइकांचं सगळं काम बाजूला सारलं. घरातून लेकीचे कुर्ते, ब्लाऊज, गाऊन, स्वेटरसुद्धा आणले आणि एकेका कपड्याला आतून खिसा लावला. डाव्या बाजूला, हासळीच्या हाडाखाली, बरोबर मशीनवर. विचार साधा होता. फिट आली की चुंबक शोधत बसायला नको. मशीन तिथं, चुंबकही तिथंच. मऊ अस्तर घेतलं, तोंडाला पट्टी लावली, कोपऱ्यांना दुहेरी टाके दिले. प्रणालीला उभं करून, बसवून, वाकवून पाहिलं. चुंबक तसूभरही हललं नाही. शिंपी जरा कच्चा असता तर बरं झालं असतं, असं आता म्हणावं लागतं. पण गौतम कच्चा नव्हता.

वैशाली आली तेव्हा तिनं खिसा चाचपून पाहिला आणि पदर तोंडाला लावून हसली. "घ्या भाऊजी. आमचा दोरा कापला, अन् सोताच पोरीले ताईत बांधला."

"हा ताईत नाई, सायन्स हाये," गौतम म्हणाला.

आणि त्याच आठवड्यात नवल झालं. प्रणालीचं घोरणं थांबलं. दुपारी खाटेवर ती अशी झोपायची, जसं तान्हं मूल. छाती वर, छाती खाली, मधे कुठे अडखळणं नाही. आवाजही मोकळा झाला. घोगरेपणा गेला. सकाळी उठायची ती ताजी, आईच्या आधी. शोभानं पहिल्यांदा सलग झोप घेतली आणि उठून रडली, आनंदानं. गौतमनं निदान केलं, की मशीन पोरीच्या अंगवळणी पडली. नव्या चपलेचं नाही का, आधी चावते, मग पाय तिला ओळखतो. रविवारी शोभानं रोडगे केले, वांग्याची भाजी केली, पांढुर्ण्याहून वैशालीला बोलावलं. गौतम त्या दिवशी कोणाशी भांडला नाही. इतक्या सुखात तो कैक वर्षांत नव्हता.

पहिली फिट विहारात आली. वंदना चालू होती, सगळे हात जोडून उभे, आणि प्रणाली पुढच्या रांगेत धाडकन पडली. गौतमनं खिशातून चुंबक काढलं, मशीनवरून फिरवलं, आणि फिट ओसरल्यावर परत खिशात ठेवलं. एखादी येतेच, त्यानं स्वतःला समजावलं. मग दुसरी आली. मग कॉलेजच्या पायऱ्यांवर आली. मग न्हाणीत तोंड धुताना आली तेव्हा नळाच्या तोटीवर आपटून पुढचा दात गेला. जवळ असला की प्रत्येक वेळी गौतम चुंबक काढायचा, फिरवायचा आणि इमानदारीनं परत खिशात ठेवायचा. पोरगी पुन्हा पहिल्यासारखी झाली. फक्त झोप तेवढी चांगली लागायची.

तारखेची वाट न बघता तिघं नागपूरला गेली. या वेळी डॉक्टर मॅडम नव्या होत्या, वयानं लहान, मराठी बोलणाऱ्या. त्यांनी मशीनवर कपड्यावरूनच एक यंत्र धरायला हात पुढे केला आणि हात थांबला. त्यांनी कुर्ता बोटांनी चाचपला.

"हे काय आहे?"

"चुंबक," गौतम म्हणाला. "खिसा मी लावला. सगळ्या कपड्याले लावला. गाऊनले बी." अजूनही त्याच्या आवाजात कारागिराचा थोडा ताठा होता.

मॅडमनी खिशातून चुंबक काढून लांब टेबलावर ठेवलं. यंत्र धरून कॉम्प्युटरवर बराच वेळ पाहिलं. मग खुर्ची गौतमकडे वळवली. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर त्याला भांडता तरी आलं असतं.

"काका, चुंबक फिरवलं की मशीन जादा करंट देते. पण ते मशीनवरच ठेवलं, तर जोवर तिथं आहे तोवर मशीन बंद राहते."

गौतमला आधी कळलंच नाही. "बंद म्हणजे?"

"बंद. या सगळ्या दिवसांत हिची मशीन फार थोडा वेळ चाललीय. चुंबक काढलंत तेवढाच वेळ."

शोभानं प्रणालीचा हात धरला. प्रणाली जिभेनं दाताची मोकळी जागा चाचपत होती. गौतम आपल्या हातांकडे पाहत राहिला. मशीन बसवली तेव्हा त्या माणसानं हे सांगितलं असणारच. सांगितलं होतं, आता त्याला पुसटसं आठवलंही. आपण ऐकलं होतं आणि गाडीच्या घाईत सोडून दिलं होतं. पोरीचा दात आपण पाडला, असं त्याला वाटलं, आणि तसंच वाटत राहिलं.

पण खरी गाठ पुढे होती. ती त्याच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

"मंग मॅडम," तो हळू म्हणाला, "थे झोप? तिचा श्वास चांगला चालून राहिला होता."

मॅडमनी मान हलवली. "मशीन बंद होती म्हणून. करंट जातो त्याच नसेचे धागे घशाला आणि श्वासाला जातात. काही जणांना झोपेत त्याचा त्रास होतो. आवाज बसणं त्यातलंच. मशीन चालू झाली की तो त्रास परत होऊ शकतो."

"म्हणजे मशीन चालली त श्वास अडकते. अन् नाई चालली त फिट येते."

"मी करंट कमी करते. पाळ्याही लांब करते. पण फार कमी केला तर फिट वाढतील, म्हणून हळूहळू जावं लागेल. झोपेची एक तपासणी करू. गरज पडली तर झोपताना नाकावर हवेचा मास्क देऊ."

तपासणीची तारीख दिवाळीनंतरची मिळाली. त्याआधी जागा नव्हती, मॅडमनी स्वतः फोन करून पाहिलं.

"तोवर फक्त झोपताना चुंबक ठेवलं तर?" गौतमनं विचारलं. विचारताना त्याला आपलीच लाज वाटली.

"नको काका. झोपेतली फिट सगळ्यात वाईट. कुशीवर झोपवा, उशी उंच ठेवा. श्वास जास्तच वेळ थांबला तर हलवून उठवा. आणि एक सांगते, हिची झोप मोडू देऊ नका. झोप कमी झाली की फिट येते."

दाराबाहेर आल्यावर गौतमच्या लक्षात आलं, की शेवटच्या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत. तो परत आत वळला. आत दुसरा पेशंट बसला होता.

घरी येऊन त्यानं खिसे उसवायला घेतले. घट्ट टाके होते, निघता निघेनात. ब्लेड अस्तरात घालून एकेक धागा तोडावा लागला. वैशालीचा फोन आला तेव्हा शोभानं सगळं सांगितलं. ताईताचं नाव वैशालीनं काढलं नाही, पण गौतमला ते ऐकू आलंच. दोऱ्यानं पोरगी बरी झाली नसती, पण दोऱ्यानं दातही पडला नसता. हा हिशोब त्याच्या मनात नको नको म्हणताना येत राहिला.

करंट कमी केल्यानं थोडा उतार पडला. फिट कमी झाल्या, श्वास अडकणंही जरा कमी झालं. दोन्हीतलं थांबलं मात्र काहीच नाही. आवाज परत घोगरा झाला. आता प्रणाली कुशीवर झोपायची, पाठीशी गोधडीचा लोड, आणि झोपेत लोड ढकलून उताणी व्हायची. श्वास थांबला की गौतम मनातल्या मनात वाट बघायचा. हा जास्त वेळ झाला का? की एवढा चालतो? मॅडमनी "जास्तच वेळ" एवढंच सांगितलं होतं, आणि समोर पोरगी निपचित पडलेली असताना प्रत्येक क्षण जास्तच वाटायचा. मग तो खांदा हलवायचा. ती दचकून उठायची, श्वास घ्यायची. दिवसातून कितीदा तरी असं व्हायचं. झोप मोडली म्हणून ती चिडचिडी, झोप मोडली म्हणून फिट, आणि फिट आली म्हणून पुन्हा झोप. बाप श्वासासाठी उठवत होता आणि उठवून उठवून पोरीला फिटच्या दारात नेत होता. न उठवायची हिंमतही त्याच्यात नव्हती.

एका दुपारी खाटेवर बसून प्रणाली म्हणाली, "बाबा, एक खिसा ठेवला काय कुठं?"

"नाई. सगळे काढले."

"एकाच कपड्याले लावून द्या न. एकच दुपार. मले फक्त एक डाव झोपायचं हाये, जशी मी थ्या दिवसांत झोपली तशी."

तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. चुंबक गौतमच्या शर्टाच्या खिशात होतं. आता तोच ते सांभाळायचा. हात पुढे केला असता तर पोरगी शांत झोपली असती. इतकं सोपं होतं ते. आणि त्या झोपेत फिट आली असती तर? त्यानं खिशावर हात ठेवला आणि नाही म्हणून मान हलवली. प्रणालीनं भांडण केलं नाही. भिंतीकडे तोंड करून कुशीवर झाली. तिचं भांडण न करणं त्याला जास्त लागलं.

तेवढ्यात केशवराव आले. नातवाचं लग्न ठरलं होतं, कोट शिवायचा होता. गौतमनं पडदा ओढून घेतला, टेप गळ्यातून काढली. आत घोरणं सुरू झालं होतं. खांदे मोजले, बाही मोजली. टेप छातीभोवती गेली आणि केशवरावांनी सवयीनं पोट आत घेतलं, छाती फुगवली, श्वास धरला.

त्याच वेळी पडद्यामागचं घोरणं थांबलं.

गौतमचे हात टेपवर तसेच राहिले. पुढे एक छाती हलत नव्हती, मागे दुसरी. त्याचं सगळं लक्ष पाठीमागे. जाऊ का? आता कुठे तिचा डोळा लागलाय. उठवू का? उठवली तर संध्याकाळी पडेल. नाही उठवली तर? बस स्टँडवर कंडक्टर छिंदवाडा छिंदवाडा ओरडत होता, आणि गौतमला वाटलं की त्याला जाऊन गप्प करावं, म्हणजे नीट ऐकू येईल.

केशवराव आपले ताठ उभे. टिंगल अजून का झाली नाही, याचं त्यांना नवल वाटत होतं. शेवटी त्यांचा चेहरा लाल झाला.

"गौतमभाऊ," ते दबल्या आवाजात म्हणाले, "झालं काय? घेऊ श्वास?"

गौतमनं त्यांच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"घे माय," तो पडद्याकडे वळून म्हणाला. "घे न वं."